वीतभर जास्त

पंजाब, तुझ्या तेरवीला मला बोलायला उभं केलं. तुझ्या गावच्या सरपंचानं माईक हातात दिला आणि म्हणाला, "मास्टर, तुमी लहानपनापासूनचे सोबती. दोन शब्द बोला." मी म्हणालो, "पंजाब चांगला मानूस होता," आणि खाली बसलो. दोन मागितले होते, चार दिले. लोकांना वाटलं, मास्टरला गहिवरून आलं. गहिवर होताच, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. तुला सांगायचं एक वाक्य दोन वर्षांपासून माझ्या घशात अडकून बसलं होतं, आणि ते निघाल्याशिवाय दुसरं काही निघणार नव्हतं. म्हणून आता लिहितो. तू वाचणार नाहीस हे मला कळतं, पण माणूस ज्याचं देणं त्यालाच देतो.

तुझी ओळख तुलाच करून द्यायची म्हणजे वेडेपणा आहे, पण उद्या हे तिसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं. मी मंगरूळपीरचा ताडपत्रीवाला, शिवणकामामुळे सगळ्यांचा मास्टर. बाप तेच करायचा, मीही तेच करतो: गंजीवर टाकायच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरची झाकणं, उरुसाचे आणि जत्रेचे मांडव. तू तीन कोसांवरच्या मळ्यातला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. दहावी झालास आणि आम्ही कोणी नदीपलीकडे पाहिलं नव्हतं तेव्हा नौदलात गेलास. आपल्याकडे गल्लोगल्ली एक पंजाब असतो, पण तिथे सगळ्यांना वाटलं तू अमृतसरचा. वर्षभर लोक तुझ्याशी पंजाबी बोलत राहिले आणि तू हसून मान हलवत राहिलास. निवृत्त होऊन सरळ मळ्यात परत आलास, आणि गावाला वाटलं, चला, आलं पाखरू घरी. तर तू कोकणातल्या एका खाडीत, दत्ताराम नावाच्या तुझ्या जहाजावरच्या सोबत्याबरोबर, जुनी लाकडी शिडाची होडी घेऊन ठेवलेली! तिला नाव दिलंस अडाण. आपल्या नदीचं. उन्हाळ्यात जिच्यात गुडघाभर पाणी नसतं तिचं नाव घेऊन तुमची होडी गोव्यापर्यंत जायची.

दरवर्षी थंडीत महिनाभर मळा वैनीच्या हवाली करून तू निघायचास. पाठीवर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ, ठेचा आणि वाळवलेली वांगी. वैनी म्हणायच्या, "लोकायचे नवरे पोहरादेवीले जाऊन चार दिवसांत वापस येतात. माहा नवरा समुद्रावर जाते." पण पिठाचा डबा त्याच भरून द्यायच्या. बाजारात लोक तुला चिडवायचे, मी सगळ्यांत पुढे. तू कधी चिडला नाहीस. माणसानं इतकं न चिडणं मला बरं वाटत नसे. मला तर कोणी टाका वाकडा म्हटलं तरी दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

आता शिडाची गोष्ट.

अडाणच्या मोठ्या शिडाला मी दोन ठिगळं लावून दिली होती. तिसऱ्या वेळी तू ते पोत्यात भरून दुकानात आणलंस. मी सुई घातली आणि जिथे टोचली तिथूनच कापड उसवत गेलं. उन्हानं आतून पार कुजलं होतं. तू ते बोटांनी चाचपलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "मास्टर, आता नवीनच घ्या लागते. अन् चांगलं घ्या लागते."

मी म्हणालो, "घ्याले कायले पायजे? मी शिवून देतो. कापडच व्हय ते. दोन दिवसांचं काम."

"शीड अन् ताडपत्री सारखी नसते."

"काहून नसते? दोन्हीले चार बाजू."

"शिडाले तीन."

"मंग तर आनखीन सोपं!"

दुकानात चार गिऱ्हाईकं बसलेली. सगळी हसली. तू हसला नाहीस. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचललास, माझा हात सपाट धरायला लावलास आणि वरून पाणी ओतलंस. सगळं माझ्या कापडावर. मग माझी बोटं तूच वळवलीस, ओंजळ केलीस आणि पुन्हा ओतलंस. पाणी राहिलं. "ताडपत्रीचं काम पानी अडवाचं," तू म्हणालास. "शिडाचं काम वारा धराचं. धराले पोट लागते. ते पोट कापतानाच कापडात बसवा लागते, अन् ते बसवनारा मानूस वेगळा असते. तुह्या हाताले कमी नाई म्हनत मी. पन तुह्या हातानं जन्मभर सपाट शिवलं."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी दुसरीकडून शिरलो. "वर्षातून महिनाभर वापरतं तू ते शीड. महिन्यासाठी एवढं भारी कायले?" यावर तू जे म्हणालास ते मी नंतर कितीतरी गिऱ्हाईकांना माझंच म्हणून ऐकवलं आहे. तू म्हणालास, "मेथी महिन्याची असते. म्हनून बी सडकं लावू काय?"

मी सुई उचलून दुसरं काम पुढे ओढलं. पण तू मला तेवढ्यावर सोडलं नाहीस, हा तुझा स्वभाव. पंधरा दिवसांनी तू तीन कापडांचे नमुने घेऊन आलास. तीन शीडवाल्यांकडून मागवले होते. माझ्यासमोर ठेवलेस आणि म्हणालास, "सांग." कोणतं स्वस्त, कोणतं महाग, काही सांगितलं नाहीस. पंजाब, माझ्या आयुष्यात मला परीक्षेला बसवून माझा मान वाढवणारा तू एकटाच.

पहिला तुकडा मी मुठीत चुरगळला. पापडासारखा कडकडला आणि उघडला तर घडीघडीवर पांढऱ्या रेघा. म्हणजे वीण कमी, खळ जास्त. खळ उडाली की मागे जाळीच राहणार. दुसरा बरा होता, पण उरेब धरून, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपा ओढला तर रबरासारखा लांबला आणि पूर्ण मागे आला नाही. तिसरा मऊ होता, दिसायला साधा. चुरगळला तर आवाज नाही, ओढला तर हलला नाही. मी डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. वीण इतकी घट्ट की नखाला जागा मिळेना. म्हणालो, "हे. आंधया मानसालेही कयते."

तू खिशातून कागद काढलास. तिसऱ्याच्या शीडवाल्यानं तुला फोनवर विचारलेलं सगळं त्यावर लिहिलेलं होतं: होडी कुठे फिरते, रात्री मुक्काम होतो का, दोघंच असता का, वारा वाढला तर शीड किती वेळा लहान करता. बाकी दोघांनी फक्त लांबी-रुंदी विचारली होती. तू म्हणालास, "म्याही हाच धरला होता. पन मी त्याच्या बोलन्यावरून धरला. तू कापडावरून धरला. आता पक्कं." त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यावर भेटेल त्याला सांगत गेलो की पंजाबच्या समुद्रातल्या होडीचं कापड मी पसंत केलं.

मग माप घ्यायला मला सोबत चल म्हणालास. तुझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, टेपवरचे बारीक आकडे दिसत नव्हते. दुसरा कोणीही चालला असता. दत्ताराम तर तिथेच होता. पण तू म्हणालास, "टेप धराले टेपवालाच पायजे." ट्रॅव्हल्सनं पुण्यापर्यंत आणि तिथून एस.टी.नं घाट उतरून आपण गेलो. गाडीत तू मला शीडवाल्यानं पाठवलेला फॉर्म दोनदा वाचून दाखवलास. त्यात ठळक लिहिलं होतं: माप जसं असेल तसंच लिहा. शिवणीसाठी, आटण्यासाठी, कशासाठीही वर काही धरू नका. मी म्हणालो, "हाव हाव, समजलं." दुसऱ्यांदा वाचलंस तेव्हा मी म्हणालो, "मले शिकवून राह्यला का बे?"

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. लोक म्हणतात तसं काही मला झालं नाही. मला फक्त वाटलं की एवढं मोठं काही झाकायला ताडपत्री नाही. मग अडाणवर चढलो आणि ती इतकी डुलत होती की मी डोलकाठीला मिठीच मारली. दत्ताराम हसून हसून लाल झाला. तू हसला नाहीस. टेपचं टोक शीड ओढायच्या दोरीला बांधलंस, वर टोकापर्यंत चढवलंस, ताणून धरलंस आणि म्हणालास, "वाच, मास्टर." मी खाली, आडव्या दांड्यापाशी बसून वाचलं आणि लिहिलं. मग दांड्याची लांबी. तीही वाचली आणि लिहिली. दोन आकडे. एवढंच काम होतं. त्यासाठी मला वाशीम जिल्ह्यातून समुद्रापर्यंत नेलं होतंस.

आता माझ्या बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या बापानं तरुणपणी एका मोठ्या कास्तकाराला कापसाच्या गाडीवरची ताडपत्री शिवून दिली होती. बरोबर मापाची. त्या काळी सुती ताडपत्री, पहिल्याच पाण्यात आटली. वीतभर कमी पडली आणि गाडीच्या मागच्या बाजूचा कापूस भिजला. त्या माणसानं भर बाजारात बापाला बोल लावले. तेव्हापासून आमच्या दुकानात कायदा झाला: टेप काय म्हणतो ते वाचायचं, त्यात वीतभर मिळवायची आणि मग लिहायचं. मी आठ वर्षांचा असताना एकदा नुसता टेपचा आकडा लिहिला म्हणून बापाची चापट खाल्ली आहे. "जास्तीचं कापता येते, कमी पडलेलं आनाचं कोठून?" टेपवरचा आकडा आमच्या वहीत आजवर कधी गेलाच नाही. तो डोक्यात येतो, हातापर्यंत पोचताना वीतभर वाढतो. हे मी करत नाही, ते होतं.

तू फॉर्म भरलास, पाठवलास. शीडवाल्याचा निरोप आला की काम सुरू करतो.

त्यानंतर महिनाभरात शेलूकडचा एक शेतकरी सोयाबीनच्या गंजीसाठी ताडपत्री घ्यायला आला. चौकस माणूस. टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं आणि आकडाही त्यानंच वाचला. मी वहीत लिहिला. तो वाकून वहीत पाहतो आणि म्हणतो, "काहो मास्टर, काहून वाढवलं?" मी सवयीनं सांगायला लागलो, "आमच्याकडं वीतभर…" पेन्सिल तिथेच थांबली. डोलकाठी, आडवा दांडा, माझ्या हातचे ते दोन आकडे, सगळं डोळ्यांपुढे आलं.

पंजाब, त्या दिवशी मी तुला फोन करायला हवा होता. कदाचित कापड अजून कापलंही गेलं नसेल. मी फोन हातात घेतला होता. तुझं नाव काढलं होतं. मग मला आठवलं, अख्ख्या बाजारात मी सांगितलंय की पंजाबच्या शिडाचं माप मी घेतलं. आणि तुझं ते वाक्य आठवलं, टेप धराले टेपवालाच पायजे. मी स्वतःला म्हणालो, शीडवाला हुशार आहे, त्याच्या लक्षात येईल. म्हणालो, कदाचित त्या दिवशी मी वाढवलंच नसेल, गाडीत दोनदा वाचलं होतं ना. म्हणालो, उद्या करू. फोन ठेवून दिला. पंजाब, चूक सवयीनं झाली, ती मी मला माफ करीन. फोन ठेवला तो सवयीनं नाही ठेवला.

तू हिवाळ्यात गेलास आणि महिन्यानं परत आलास. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या घेऊन दुकानात. मी सरळ तुझ्याकडे न पाहता, सुईत दोरा ओवत विचारलं, "कसं बसलं शीड?"

तू चहाचा घोट घेतलास. घोट जरा लांबला. "झक्कास," म्हणालास. "तू पसंत केलेलं कापड व्हय ते, बसनारच."

आणि मला बरं वाटलं! लाज वाटते लिहायला, पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी माझ्या मनाला सांगितलं, पाहा, नव्हतंच चुकलं. आत कुठेतरी मला माहीत होतं की टेप खोटं बोलत नाही आणि तू खोटं बोलतोयस. पण फुकट मिळालेली सुटका कोण परत करतो? वर तू पिशवीतून एक वस्तू काढलीस. माझ्या मोठ्या कात्रीसाठी खोळ. पांढऱ्या शिडाच्या कापडाची, दुहेरी, काठाला तुझ्या हातचे जाड दोऱ्याचे टाके, जहाजावर शिकलास तसे, एकसारखे, तांदूळ मांडल्यासारखे. म्हणालास, "शीडवाल्याकडचं उरलेलं व्हय. तुह्या कैचीचं टोक मांडीत घुसते न नेहमी." मी दोन्ही हातांनी घेतली. दोन वर्षं ती माझ्या टेबलावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली आहे. "समुद्रातल्या होडीचं कापड व्हय," असं सांगून.

या दोन वर्षांत सांगायची वेळ कितीदा आली! पोहरादेवीच्या जत्रेतली तर मी विसरूच शकत नाही. मांडव माझा होता, दुपारी वावटळ उठली आणि एक बाजू उचलून धरली. मी सगळ्या दोऱ्या आवळत सुटलो. तू कुठून तरी गर्दीतून आलास, धोतराचा सोगा खोचलास आणि ओरडलास, "आवयू नको! तिकडची बाजू सोड, वाऱ्याले जाऊ दे!" मी म्हटलं, याला वेड लागलं. पण तू सोडलीच. वारा आत शिरला आणि पलीकडून निघून गेला. मांडव खाली बसला. एक खिळा उपटला नाही, एक शिवण उसवली नाही. मग आपण दोघं मांडवाच्या खांबाला टेकून उसाचा रस प्यायलो. तू म्हणालास, "मानसाचंही असंच असते, मास्टर. धरून ठेवलं का फाटते." मी त्या वेळी समजलो, तू वाऱ्याबद्दल बोलतोयस. माझा मूर्खपणा पाहा. मी म्हणालो, "आता आनखी एक ग्लास घेऊ का?"

आणि मग त्या सकाळी वैनींचा फोन आला, तू वांग्याच्या वाफ्यात पाणी धरत असताना बसलास तो उठला नाहीस.

तेरवीला दत्ताराम कोकणातून आला. पंगत उठल्यावर मी त्याला दुकानात चहाला आणलं, कारण मला त्याच्याशी तुझ्याबद्दल बोलायचं होतं आणि मंडपात बोलता येत नव्हतं. त्यानं टेबलावरची खोळ पाहिली. हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसला. तो त्याच्या बोलीत बोलतो, पण मला कळावं म्हणून सरळ करून बोलला.

"ही तर आपल्या शिडाची कापलेली पट्टी," तो म्हणाला. "यासाठीच ठेवली होती होय त्यानं!"

"कापलेली?"

"मग? नाही सांगितलं त्यानं? वीतभर मोठं आलं ना शीड. खालूनही आणि मागूनही. ओढून ओढून थकलो, ताठच होईना, सगळं पोट खाली लोंबायचं. पंजाबनं उतरवलं, घडी केली आणि मुंबईला घेऊन गेला. एस.टी.त सबंध रस्ता मांडीवर. शीडवाल्यानं त्याला चार लोकांत झापलं. म्हणाला, फॉर्ममध्ये एवढं ठळक लिहून माणसं वाचत कशी नाहीत? पंजाब म्हणाला, माझे डोळे अधू, माझीच चूक. पुन्हा कापून शिवेपर्यंत तिथेच थांबला. महिन्यातले दहा दिवस त्यातच गेले."

मी विचारलं, "तुमी काई बोलले नाई त्याले? टेप तर मी वाचला होता."

"बोललो तर! म्हटलं, त्या मास्टरला फोन लाव, मी बोलतो. त्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाला, त्याला कळवायचं नाही."

दत्तारामनं चहा संपवला. मग म्हणाला, "या वर्षी पुढचं लहान शीड घ्यायचं ठरलं होतं. तेही आता कुजलंय. मी म्हटलं, या वेळी शीडवाल्याचाच माणूस बोलावू मापाला. तर पंजाब ऐकेना. म्हणे माप मास्टरच घेणार. मी म्हटलं, पुन्हा चुकला तर? तेव्हा काय म्हणाला ते मला तुमच्या बोलीत म्हणता येत नाही, पण असं म्हणाला, तो आता चुकणार नाही. तो दोन वर्षांपासून ती चूक घेऊन हिंडतोय, मला दिसतं. ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी सांगेल."

पंजाब! लेका! तुला दिसत होतं?

म्हणजे दर बाजाराला तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतास, मी त्या खोळीची फुशारकी मारत होतो आणि तू वाट पाहत होतास. एकदा तरी टोचायचं होतंस. एक शब्द. मी भडकलो असतो, भांडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो आणि मोकळा झालो असतो. तू माझ्यासाठी चार लोकांत बोल खाल्लेस आणि वर माझ्या चुकीची खोळ शिवून आणलीस, माझ्या मांडीला कात्री टोचू नये म्हणून. इतकं मोठं मन कोणी मागितलं होतं तुला? मला तुझा राग आहे. आणि या रागाएवढा अभिमान मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा नाही, की हा माणूस माझा सोबती होता.

मागच्या आठवड्यात मी कोकणात जाऊन आलो. वैनींनी पिठाचा डबा भरून दिला, ठेचा दिला, वाळवलेली वांगी दिली. म्हणाल्या, "त्यायचं काम हाये, अर्धं ठेवू नका." एकट्यानं घाट उतरलो. गाडीत मी फॉर्म दोनदा मोठ्यानं वाचला. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

दत्तारामनं आधी मोठं शीड चढवलं. मी ते लागलेलं कधी पाहिलंच नव्हतं. पांढरं, साधं, वाऱ्यानं भरलेलं, एक सुरकुती नाही, कडेला एक फडफड नाही. तू माझी बोटं वळवून केली होतीस ना ओंजळ, तसं त्याचं पोट. खालच्या काठाला नव्यानं मारलेली शिवण दिसत होती. मी तिच्यावरून हात फिरवला. चांगली होती. मला काढायला एकही खोट सापडली नाही, आणि मला सापडत नाही असं सहसा होत नाही.

मग दत्तारामनं मोठं शीड उतरवलं, लहान शीड जिच्यावर चढतं त्या पुढच्या तारेवर टेपचं टोक वर चढवलं आणि ताणून धरलं. "वाचा, मास्टर."

मी खाली बसलो. होडी डुलत होती, पण या वेळी मी कशाला मिठी मारली नाही. टेप डोळ्यांजवळ घेतला. आकडा दिसला. डोक्यात आला. आणि तिथून हाताकडे निघाला, पन्नास वर्षांच्या वाटेनं, वीतभर वाढायला.

मी पेन्सिल खाली ठेवली. वर डोलकाठीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "पंजाब, मागचं माप म्या चुकवलं होतं. अन् मले माहीत होतं."

"काय म्हणालात?" दत्तारामनं दोरी धरून विचारलं. "किती भरलं?"

मी पुन्हा टेपकडे पाहिलं आणि त्याला आकडा सांगितला. टेपवर होता तोच.